ऑलिंपस पर्वत: पुराणकथा बाजूला ठेवल्यास तिथला भूगोल आणि निसर्ग कसा आहे?

पायवाट

नमस्कार. शाळेत असताना ग्रीक पुराणकथांची मराठी पुस्तके हाती आली आणि तेव्हापासून ऑलिंपस म्हटले की ढगांच्या वर कुठेतरी असलेली देवांची सभा एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. तो खरोखरचा, नकाशावर दाखवता येणारा आणि पायी चढता येणारा पर्वत आहे, हे बऱ्याच उशिरा ध्यानात आले. माझी मुलगी सध्या शिक्षणासाठी थेस्सालोनिकी येथे राहते आणि येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. स्वच्छ हवेच्या दिवशी शहराच्या समुद्रकिनाऱ्यावरून आखातापलीकडे ऑलिंपस दिसतो असे ती सांगते, आणि त्या एका वाक्यामुळेच हा प्रश्न विचारण्याची इच्छा झाली.

सह्याद्रीत मी पुष्कळ हिंडलो आहे. एखाद्या डोंगरावर जाण्यापूर्वी त्याचा खडक कोणता, पाणी कुठे मिळते, रान कसे आहे, हे ठाऊक असले की चालण्याला निराळा अर्थ येतो, असा माझा अनुभव आहे. ऑलिंपसविषयी जे काही वाचायला मिळते त्यात देवांचा राजा झ्यूस आणि त्याचा परिवारच अधिक असतो, म्हणून येथील जाणकारांना विचारतो. हा एकच डोंगर आहे की रांग? समुद्राच्या इतक्या जवळ इतकी उंची कशी निर्माण झाली? तिथल्या वनस्पतींचे एवढे महत्त्व का मानले जाते? प्राचीन ग्रीक लोक नेमक्या कोणत्या शिखराला झ्यूसचे आसन मानत होते? आणि ऑलिंपिक क्रीडास्पर्धांचा या पर्वताशी काही संबंध आहे का?

खडकवाचक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण हा गोंधळ फार ठिकाणी आढळतो. प्राचीन क्रीडास्पर्धा ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातील ऑलिंपिया येथे होत असत. ते ठिकाण या पर्वतापासून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे २८० किलोमीटर दूर आहे. दोघांना जोडणारा दुवा झ्यूसचा आहे. ‘ऑलिंपियन झ्यूस’ हे त्याचे बिरुद पर्वतावरून आले आणि त्याच बिरुदाने त्याची पूजा जिथे होत असे त्या क्षेत्राला ऑलिंपिया म्हटले गेले.

आता मूळ विषय. ऑलिंपस हा ग्रीसच्या ईशान्य भागात, थेसली आणि मॅसेडोनिया या दोन प्रदेशांच्या सीमेवर उभा असलेला, घेराने साधारण गोलाकार असा पर्वतसमूह आहे. लांबच लांब पसरलेल्या रांगेपेक्षा एकाच जागी गर्दी केलेल्या शिखरांचा तो पुंजका आहे. त्याचे सर्वोच्च शिखर मीतिकास २९१७ मीटर उंच असून ते ग्रीसमधील सर्वांत उंच ठिकाण आहे; जुन्या पुस्तकांत या आकड्यात एक-दोन मीटरचा फरक आढळतो. ‘मीतिकास’ म्हणजे नाक. त्याच्या शेजारी स्कोलिओ आणि स्तेफानी ही शिखरे आहेत आणि दोन्ही २९०० मीटरच्या वर जातात. बाल्कन द्वीपकल्पाचा विचार केला तर बल्गेरियातील मुसाला हे २९२५ मीटरचे शिखर सर्वोच्च आहे, म्हणजे ऑलिंपस त्याच्यापेक्षा जेमतेम आठ मीटरने कमी भरतो. परंतु मुसाला खंडाच्या आत, इतर डोंगरांच्या गर्दीत आहे आणि मीतिकासपासून एजियन समुद्राचे थर्मेक आखात वीस किलोमीटरच्या आत आहे. किनाऱ्यावर उभे राहिल्यास पायथ्यापासून माथ्यापर्यंतची जवळजवळ सगळी उंची एका दृष्टिक्षेपात दिसते. माझ्या मते या पर्वताला देवत्व मिळण्यामागे हे भौगोलिक कारण फार मोठे असावे.

तुमचा खडकाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी घडला आहे. ऑलिंपस मात्र समुद्रतळाचा बनलेला आहे. त्याच्या गाभ्यातील चुनखडी आणि डोलोमाइट हे खडक सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे दीर्घ काळ एका उथळ, उबदार समुद्रात थरांवर थर साचून तयार झाले. नंतर भूपट्टांच्या रेट्याने दुसरेच जुने खडक, त्यांत रूपांतरित खडक आणि प्राचीन महासागराच्या तळाचे तुकडेही आले, या चुनखडीच्या डोक्यावर ढकलले गेले आणि ती त्यांच्याखाली गाडली गेली. पुढे सगळा भाग वर उचलला गेला, वरचे आवरण झिजून गेले आणि खाली दडलेली तरुण चुनखडी पुन्हा उघड्यावर आली. एखाद्या जुन्या भिंतीचा गिलावा मधोमध गळून पडावा आणि आतले बांधकाम दिसू लागावे, तसे हे घडले आहे. भूशास्त्रज्ञ अशा जागेला ‘खिडकी’ म्हणतात आणि ऑलिंपसची खिडकी हे त्याचे अभ्यासकांना सुपरिचित उदाहरण आहे. पर्वताच्या कडेने चालत गेल्यास जुना खडक वर आणि नवा खडक खाली असा उलटा क्रम आढळतो, तो यामुळेच.

समुद्राच्या बाजूला इतकी एकदम उंची का, याचे उत्तर पूर्वेकडील प्रस्तरभंगांत आहे. एजियन प्रदेशाचे भूकवच ताणले जात आहे. त्या ताणामुळे किनाऱ्याच्या बाजूचा भाग खाली बसत गेला आणि पर्वताचा भाग वर येत गेला.

माथ्याला आजचा आकार मात्र हिमाने दिला. हिमयुगांत येथे हिमनद्या होत्या आणि त्यांनी शिखरांच्या कुशीत खोल खळगे कोरले. स्तेफानी आणि मीतिकास यांच्या कड्यांखालील मोठ्या खळग्याला ‘मेगाला काझानिया’, म्हणजे मोठ्या कढया, असे नाव आहे. या खळग्याच्या भिंती शेकडो मीटर सरळ तुटलेल्या आहेत आणि तळाच्या सावलीत उन्हाळ्यातही बर्फाचा तुकडा टिकून राहतो. स्तेफानीचा कडा उंच पाठीच्या आसनासारखा दिसतो, म्हणून त्याला आज ‘झ्यूसचे सिंहासन’ म्हणतात.

पाण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हिवाळ्यात येथे भरपूर बर्फ पडते, तरी वरच्या भागात झरा किंवा ओढा जवळपास आढळत नाही, कारण चुनखडीच्या भेगांतून सगळे पाणी आत उतरते. तेच पाणी खाली एनिपेआस नदीच्या घळीत आणि पायथ्याच्या प्राचीन दिओन नगरीजवळच्या झऱ्यांत प्रकट होते. त्यामुळे वर जाताना पाणी बरोबर घ्यावेच लागते. सह्याद्रीत गडावर कातळात खोदलेले टाके सापडेल या सवयीने जाणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

रानजाई

खडकवाचक यांनी पाया घातलाच आहे, तर त्यावर उगवणाऱ्या गोष्टींविषयी मी लिहिते. वनस्पतिशास्त्र हा माझा अध्यापनाचा विषय आहे आणि ऑलिंपसविषयी बोलताना मी नेहमीच थोडी अधिक बोलते, तेवढे समजून घ्यावे.

या एका पर्वतावर वनस्पतींच्या सुमारे १७०० जाती आणि उपजाती नोंदल्या गेल्या आहेत. संपूर्ण ग्रीसच्या वनस्पतिसंपदेचा हा जवळपास चौथा भाग आहे. त्यांपैकी वीसहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. एवढी विविधता कशामुळे, असा प्रश्न साहजिक आहे. पहिले कारण उंचीचे आहे: समुद्रकिनाऱ्याच्या भूमध्यसागरी हवामानापासून वर्षातील सहा-सात महिने बर्फ असणाऱ्या माथ्यापर्यंतचा सगळा पल्ला येथे थोड्या अंतरात सामावला आहे. दुसरे कारण असे की एजियनवरून येणारी दमट हवा पूर्वेच्या उतारांवर चढते, तिथे ढग आणि पाऊस होतो, तर पश्चिमेची बाजू त्या मानाने कोरडी राहते. घाटमाथा आणि त्याच्या पलीकडचा देश यांतला फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरे कारण हिमयुगाचे आहे. उत्तर युरोप हिमाखाली गेला तेव्हा बाल्कनच्या दऱ्यांत आणि कपारींत अनेक वनस्पतींना आश्रय मिळाला, आणि बर्फ मागे हटल्यावर त्यांतल्या काही तिथेच राहिल्या.

खालून वर जाताना सुरुवातीला कडक, सदाहरित पानांची भूमध्यसागरी झुडपे लागतात. त्यांत सदाहरित ओक, आर्ब्यूटस आणि जुनिपर प्रमुख आहेत. त्यांच्या वर बीच, काळा पाइन आणि फर यांचे दाट अरण्य आहे. हे पट्टे एकावर एक सरळ रचलेले असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. घळीच्या गारव्यात बीच खूप खाली उतरलेला दिसतो आणि उन्हाच्या उतारावर पाइन त्याच्या वरून डोकावतो, अशी सरमिसळ सर्वत्र आहे. आणखी वर फक्त बॉस्नियन पाइन उरतो, ज्याला स्थानिक लोक ‘रोंबोलो’ म्हणतात. राखाडी सालीचा, वाऱ्याने पिळवटलेला हा वृक्ष येथे सुमारे २५०० मीटरपर्यंत चढतो आणि ही बाल्कनमधील अत्यंत उंच वृक्षरेषांपैकी एक मानली जाते. त्याच्या वर केवळ गवत, उशीसारखी गोल वाढणारी काटेरी झुडपे आणि दगडांच्या फटींतील फुले असतात. ऑलिंपसच्या बहुतेक प्रदेशनिष्ठ वनस्पती याच उघड्या, खडतर भागात आहेत.

परंतु ज्या वनस्पतीसाठी मी हा पर्वत एकदा तरी पाहावा असे म्हणते ती माथ्यावर नाही. तिचे नाव ‘यांकेआ हेल्ड्राइखी’. घळींतील सावलीच्या, दमट चुनखडीच्या कड्यांना चिकटून ती वाढते. पानांचा झुपका चंदेरी लवेने भरलेला असतो आणि त्यातून फिकट जांभळी फुले येतात. तिचे कूळ गेस्नेरिएसी हे आहे, म्हणजे आपल्याकडे कुंडीत लावल्या जाणाऱ्या आफ्रिकन व्हायोलेटचे. या कुळातील बहुसंख्य वनस्पती उष्ण कटिबंधातल्या आहेत. युरोपात त्याचे केवळ मूठभर प्रतिनिधी उरले आहेत, ते पिरनीज आणि बाल्कनच्या डोंगरांत. युरोपचे हवामान आजच्यापेक्षा पुष्कळ उबदार होते त्या तृतीयक काळातील वनस्पतींचा हा अवशेष आहे. बाकीचे रान बदलले, बर्फ आले आणि गेले, आणि ही वनस्पती आपल्या कपारीत टिकून राहिली. वीस-तीस फुटांवरून पाहिली तर कड्यावरचे साधे शेवाळ वाटावे इतकी ती लहान आहे.

तिच्या नावातील ‘हेल्ड्राइखी’ हा शब्द अथेन्समध्ये राहून ग्रीसच्या वनस्पती अभ्यासणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर फॉन हेल्ड्राइख यांच्या नावावरून आला आहे आणि वर उल्लेखिलेल्या बॉस्नियन पाइनच्या शास्त्रीय नावातही तेच आहेत. नामकरणाच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञांना पुराणकथांचा मोह आवरलेला नाही, हे येथे ठिकठिकाणी दिसते. एका पोटेंटिलाचे नाव ‘देओरुम’, म्हणजे देवांची. एका कँपॅन्युलाचे नाव पर्वतवासी अप्सरांवरून ‘ओरेआदुम’. तर एका अकिलियाचे नाव देवांच्या अन्नावरून ‘अँब्रोसिआका’ असे ठेवलेले आहे. पायवाट यांनी पुराणकथा बाजूला ठेवायच्या म्हटले खरे, पण त्या अशा फुलांच्या नावांतून परत भेटतात.

प्राण्यांविषयी मला फार अधिकाराने लिहिता येणार नाही. वरच्या कड्यांवर शॅमॉय हे रानबोकडासारखे चपळ प्राणी आहेत, जंगलात भेकरासारखी लहान रो हरणे, रानडुकरे आणि लांडगे आहेत, आणि पक्ष्यांच्या शंभराहून अधिक जातींत सोनेरी गरुड आणि सुतारपक्ष्यांचे अनेक प्रकार येतात.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. खिडकीचा दाखला आणि कपारीत टिकलेली ती वनस्पती, या दोन गोष्टी आता डोक्यातून जाणार नाहीत. सप्टेंबरमध्ये तिची फुले दिसतील का? आणि झ्यूसच्या आसनाविषयीचा प्रश्न राहिला आहे. ‘सिंहासन’ हे नाव आजचे आहे असे खडकवाचक सूचित करतात, मग प्राचीन लोक प्रत्यक्ष वर जात होते की नाही?

रानजाई

फुले मे ते जुलैच्या आसपास येतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये फक्त पानांचे झुपके दिसतील. पण ते ओळखता येतात. एनिपेआसच्या घळीतून जाताना उत्तरेकडे तोंड असलेले, ओलसर खडक नीट पाहावेत. हात मात्र लावू नये आणि पानही तोडू नये. जगातली तिची सगळी वस्ती याच परिसरात आहे.

आडवाट

आसनाविषयीचा आणि वर जाण्याविषयीचा भाग मी घेतो.

होमरच्या ‘ओडिसी’च्या सहाव्या सर्गात ऑलिंपसचे जे वर्णन आहे त्यात तिथे वारा वाहत नाही, पाऊस पडत नाही, हिम येत नाही आणि निरभ्र, शुभ्र प्रकाश पसरलेला असतो असे म्हटले आहे. प्रत्यक्षातील पर्वत याच्या नेमका उलट आहे. उन्हाळ्यातही दुपारनंतर माथ्यावर ढग जमतात आणि विजांसह पाऊस होतो. मला वाटते, खालून पाहणाऱ्याला शिखरे पुन्हा पुन्हा ढगांत नाहीशी होताना दिसत असल्यामुळेच त्या ढगांच्या पलीकडे काहीतरी अढळ आणि शांत आहे अशी कल्पना रुजली असावी.

प्राचीन लोक वर जात होते याचा मात्र पुरावा आहे. आयिओस आंतोनिओस नावाच्या, सुमारे २८०० मीटर उंचीच्या शिखरावर राख, हाडे, मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि नाणी सापडली आहेत, म्हणजे तिथे झ्यूससाठी बळी अर्पण केले जात. पूजेचे मुख्य स्थान पायथ्याशी दिओन येथे होते. ते मॅसेडोनियन राजांचे पवित्र नगर होते आणि आशियाच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी अलेक्झांडरने तिथे यज्ञ केले होते. पर्वताची उंची मोजण्याचा प्रयत्नही प्राचीन काळी झाला. झेनागोरस नावाच्या माणसाने पश्चिमेच्या पायथ्याजवळील पीथिओनच्या अपोलो मंदिरापासून माथ्याची उंची दहा स्टेडिया (अंतराचे प्राचीन ग्रीक माप) याहून थोडी अधिक ठरवली, आणि प्लुटार्कने ती नोंद करून ठेवली आहे. त्या काळच्या साध्या उपकरणांनी केलेल्या या मोजणीचे मला फार कौतुक वाटते.

मीतिकासच्या माथ्यावर मनुष्य पोहोचल्याची पहिली नोंद मात्र थेट २ ऑगस्ट १९१३ ची आहे. स्विस छायाचित्रकार फ्रेदेरिक बुआसोना, त्यांचे मित्र दानिएल बो-बोव्ही आणि पायथ्याच्या लितोखोरो गावचा शिकारी ख्रिस्तोस काकालोस हे तिघे त्या दिवशी वर गेले, आणि वाट काढणारा काकालोस होता. ढगांमुळे ते प्रथम शेजारच्या एका सुळक्यावर चढले आणि तेच सर्वोच्च टोक आहे असे समजले. धुके फाटल्यावर मीतिकास त्याहून उंच असल्याचे दिसले आणि त्यांना पुन्हा चढाई करावी लागली. त्याआधीच्या काळात येथे डोंगरी दरोडेखोरांची मोठी भीती होती. १९११ मध्ये एडवर्ड रिश्टर नावाच्या जर्मन अभियंत्याला त्यांनी पळवून नेले होते. पहिल्या बाल्कन युद्धात, १९१२ मध्ये, हा भाग ऑटोमन साम्राज्याकडून ग्रीसकडे आला आणि त्यानंतर वर्षभरातच ही चढाई झाली. पुढे १९२१ मध्ये मार्सेल कुर्त्स या स्विस स्थलालेखकाने माथ्याचा तपशीलवार नकाशा तयार केला.

१९३८ मध्ये ऑलिंपस हे ग्रीसचे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. सुरुवातीचे क्षेत्र पूर्वेच्या बाजूचे सुमारे ४००० हेक्टर एवढेच होते, नंतर ते वाढवले गेले. १९८१ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. गाडीरस्ता जिथे संपतो त्या प्रिओनिया या ठिकाणाच्या नावाचा अर्थ ‘करवती’ असा आहे, आणि एकेकाळी या अरण्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते ते त्यावरून कळते.

तुमच्यासारख्या चालणाऱ्याने गाडीने प्रिओनियाला जाण्याऐवजी लितोखोरो गावातून एनिपेआसच्या घळीची पायवाट घ्यावी, असे मी सुचवीन. चाल सुमारे दहा-अकरा किलोमीटरची आणि पाच-सहा तासांची आहे. वाटेत संत दिओनिसिओसने सोळाव्या शतकात स्थापन केलेला मठ लागतो. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने तो उद्ध्वस्त केला. त्याचे भग्नावशेष आणि दुरुस्त केलेला भाग दोन्ही तिथे आहेत. प्रिओनिया ११०० मीटरवर आहे आणि तिथून सुमारे तीन तासांत २१०० मीटरवरच्या स्पिलिओस आगापितोस या निवाऱ्यावर पोहोचता येते. तिथले सामान आजही खेचरांच्या पाठीवरून वर जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून स्काला शिखर आणि तिथून स्कोलिओ करावे. स्कोलिओ मीतिकासहून थोडेच कमी उंच आहे, वाट चालत जाण्याची आहे आणि मेगाला काझानियाचा संपूर्ण खळगा तिथूनच उत्तम दिसतो.

मीतिकासविषयी स्पष्ट लिहितो. स्कालापासूनच्या त्या वाटेचे नावच ‘काकोस्काला’, म्हणजे वाईट जिना, असे आहे. दुसरी वाट ‘लुकी’, म्हणजे पन्हाळ, या घळीतून जाते. दोन्हीकडे हातांचा आधार घेत चढावे लागते, चुनखडी सुटी आहे आणि वरच्या माणसाच्या पायाने निसटलेले दगड खालच्यावर येतात. आजवर येथे अनेकांचे प्राण गेले आहेत. शिरस्त्राण आणि स्थानिक वाटाड्या यांशिवाय तिकडे जाऊ नये, आणि ढग दिसू लागले असतील तर मुळीच जाऊ नये.

खडकवाचक

आडवाट यांच्या सूचनेत एक भर घालतो. एनिपेआसच्या घळीत शिरण्यापूर्वी लितोखोरोच्या वेशीजवळ थांबून समुद्राकडे पाहावे. गाव सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून किनाऱ्यापर्यंत जो उतार पसरत गेला आहे तो पर्वतानेच झिजून खाली पाठवलेल्या गाळाचा आणि गोट्यांचा आहे. घळीच्या सुरुवातीच्या भिंतींत हेच गोटे एकमेकांना चिकटून खडक झालेले दिसतात. त्यांतला एखादा पांढरट, गोल झालेला दगड चुनखडीचा निघाला, तर समुद्रात जन्मून २९०० मीटरवर गेलेला आणि पुन्हा समुद्राकडे निघालेला खडक समोर आहे असे समजावे.

पायवाट

पत्नीला हे सगळे वाचून दाखवले. तिने मीतिकासचा विचार सोडून देण्याची अट घातली आहे आणि मी ती मान्य केली आहे. लितोखोरो, घळ, निवाऱ्यावर एक मुक्काम आणि हवा चांगली असल्यास स्कोलिओ, असे ठरवले आहे. यांकेआच्या पानांचे छायाचित्र मिळाल्यास रानजाई यांना ओळख पटवण्यासाठी येथेच दाखवीन.

रानजाई

अवश्य दाखवावे. छायाचित्र घेताना झुपक्याबरोबर आजूबाजूचा खडकही येऊ द्यावा. तो कोणत्या दिशेला आहे आणि किती ओला आहे, हे त्यावरून समजेल.